टाकीतील पाणवनस्पती विरघळत आहेत : चूक नेमकी कोठे होत असावी?

काचेमागे (पुणे)
४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार. नोव्हेंबरच्या शेवटी मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी घेतली. प्लास्टिकची झाडे नकोत, खऱ्या पाणवनस्पतीच लावायच्या, असे घरात ठरले होते. त्याप्रमाणे व्हॅलिस्नेरियाच्या दोन जुड्या, एक अमेझॉन स्वोर्ड, एक अनुबियास, क्रिप्टोकोरीनची तीन रोपे आणि दुकानदार ज्याला नुसतेच ‘रेड प्लांट’ म्हणत होता असे जांभळ्या पानांचे एक झाड आणले. टाकीत आठ गप्पी आणि सहा झेब्रा डॅनिओ आहेत आणि ते सर्व ठणठणीत आहेत.

झाडांची मात्र पार रया गेली आहे. क्रिप्टोकोरीनची पाने लावल्यापासून आठवडाभरातच काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. बोटांत धरली तर शिजलेल्या पालकासारखी लिबलिबीत लागत. स्वोर्डच्या पानांना भोके पडली आहेत आणि मधून येणारे नवे पान फिकट पिवळे, पण त्यातील शिरा हिरव्या, असे दिसते. अनुबियासची पाने एकेक करून देठासकट सुटून तरंगतात. व्हॅलिस्नेरिया जानेवारीपर्यंत बरी होती, तीही गेल्या पंधरा दिवसांत मऊ पडून तुटू लागली आहे. जांभळे झाड रोज थोडे थोडे कुजते आहे.

दुकानदाराकडे तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेस त्याने खत दिले, दुसऱ्या खेपेस ‘लिक्विड कार्बन’ची बाटली दिली आणि तिसऱ्या खेपेस नवी झाडे घेण्याचा सल्ला दिला. चौथ्या खेपेस तो काय देईल या धास्तीने येथे विचारत आहे.

खडीसाखर (ठाणे)
४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

दुकानदाराने आपला आजार अचूक ओळखला आहे, असे दिसते. गंमत सोडून तीन गोष्टी विचारतो. पाणी कोठले आहे, दिवा किती तास चालू असतो आणि तळाला खडी कोणती आहे? ही उत्तरे मिळाल्याखेरीज येथे कोणी काहीही सुचवले तरी तो अंदाजपंचेच कारभार होईल.

काचेमागे (पुणे)
४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सोसायटीत महापालिकेचे पाणी येते, परंतु ते पुरत नसल्यामुळे त्यात बोअरचे पाणी मिसळतात. शेजाऱ्यांच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७८० दिसला. दिवा सकाळी सातला मुलगी शाळेत जाताना लावते आणि रात्री जेवणे झाली की मी बंद करतो, म्हणजे चौदा तास तरी होतात. खडी पांढरीशुभ्र, चमकदार आहे. लिक्विड कार्बन बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या दुप्पट घालतो, कारण दुकानदार म्हणाला की झाडे जास्त आहेत.

जांभा (रत्नागिरी)
५ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

दोन झाडांचा निकाल लगेच लावता येईल.

जांभळ्या पानांचे झाड बहुधा हेमिग्राफिस असावे. पान वळवून पाहा, खालची बाजू गडद जांभळी आणि पृष्ठभाग सुरकुतलेला असेल तर तेच. ते पाण्यात वाढणारे झाड नाही. ओलसर सावलीत, कुंडीत ते सुरेख वाढते आणि पाण्याखाली दोन-तीन महिने कुजत राहते. लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट अशी घरातील शोभेची झाडेही पाणवनस्पती म्हणून सर्रास विकली जातात. काढून कुंडीत लावा, कदाचित वाचेल.

अनुबियासच्या बाबतीत मला एकच सांगा : तिचे आडवे, जाडसर खोड खडीत पुरले आहे का? हे खोड आल्याच्या गड्ड्यासारखे असते आणि ते उघडेच राहावे लागते. फक्त मुळे खाली गेली तर चालतात. पुरलेले खोड आतून सडते आणि मग पाने देठासकट सुटतात. बाहेर काढून अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहा. जेथे ते दबेल आणि घाण वास येईल तेथपर्यंतचा भाग धारदार ब्लेडने कापून टाका, हिरवा आणि टणक भाग दोऱ्याने दगडाला बांधा. जावा फर्नलाही हाच नियम आहे.

काचेमागे (पुणे)
५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

पुरले होते, तेही चांगले दोन इंच. पडू नये म्हणून.

पाणकणीस (कोल्हापूर)
५ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रतिसाद थोडा लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

क्रिप्टोकोरीनची पाने विरघळणे हा रोग नव्हे. आपल्या सह्याद्रीतील आणि कोकणातील ओढ्यांत क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस ही याच कुळातील वनस्पती दगडांच्या फटींत वाढते. पावसाळ्यात ती पूर्ण पाण्याखाली असते. हिवाळ्यात पाणी ओसरले की ती उघडी पडते, तेव्हाच तिला फुलोरा येतो. दर वर्षी पाण्याखालून हवेत आणि हवेतून पाण्याखाली जाणाऱ्या वनस्पतीने एकाच जातीच्या पानांवर हट्ट धरला तर ती जगणारच नाही. परिस्थिती बदलली की जुनी पाने सोडून द्यायची, मुळांतील आणि खोडातील साठा राखायचा आणि नव्या परिस्थितीला साजेशी पाने काढायची, ही तिची रीत आहे. रोपवाटिकेत या वनस्पती बहुधा दमट हवेत, पाण्याबाहेर वाढवतात, कारण तेथे त्या झपाट्याने वाढतात. आपण त्या पाण्यात बुडवतो, म्हणून ती पाने जातात. स्वोर्डचीही पहिली काही पाने याच कारणाने जातात. क्रिप्टोकोरीनची मुळे कृपया उपटू नका. कुजलेली पाने तेवढी काढून टाका आणि तीन-चार आठवडे त्या जागेला हात लावू नका.

आता स्वोर्डविषयी. कोणतेही खत घालण्यापूर्वी, बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या, हे पाहावे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवू शकते, म्हणून त्यांची चणचण आधी जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तेथून फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता नव्या पानांवर उमटते. आपले नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या आहेत, म्हणजे लोह मिळत नाही, असे मला वाटते. भोकांबद्दल मात्र आपण ‘पानांना’ असे मोघम लिहिले आहे. ती कोणत्या पानांना आहेत?

बांधावरून (तासगाव)
५ फेब्रुवारी, रात्री ८:४५

ताईंनी सांगितलेले शंभर टक्के खरे आहे. माझी द्राक्षबाग आहे आणि पानांच्या देठाचे परीक्षण करून खते ठरवण्यात आमची हयात गेली. खोडव्या उसावर लोहाअभावी जो केवडा पडतो (पाने फिकट पिवळी पडतात), तो आणि आपल्या स्वोर्डचे नवे पान यांत मला काही फरक दिसत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, तसेच बोअरच्या पाण्यात होते. शिवाय ती पांढरीशुभ्र खडी संगमरवराची असावी. एक खडा बाहेर काढून कोरडा करा आणि त्यावर व्हिनेगर टाका किंवा लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुनाच आहे आणि तुम्ही टाकीला रोज थोडा थोडा चुना लावत आहात.

भोके म्हणजे पालाशची कमतरता, असे माझे मत आहे. दुकानातील पाव लिटरच्या बाटलीला चारशे रुपये देऊ नका. कृषी सेवा केंद्रात ००:००:५० (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे) म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश किलोच्या पिशवीत मिळते. ५० ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण करा. त्यातील २० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम खत येते. तुमच्या टाकीत खडी वगळून साधारण ४५ लिटर पाणी असेल, तेवढ्या पाण्यात एका ग्रॅमने दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम पालाश वाढेल. सुरुवात निम्म्याने करा, आठवड्यातून एकदा.

मात्र १९:१९:१९ किंवा १२:६१:०० चुकूनही टाकीत घालू नका. त्यांत युरिया किंवा अमोनियमच्या रूपातील नत्र असते आणि बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होतो. झाडे हसतील, मासे मरतील.

डोहाकाठी (डोंबिवली)
५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मी पूर्ण असहमत आहे. टाकी जेमतेम दहा आठवड्यांची आहे. चौदा तास दिवा, दुप्पट लिक्विड कार्बन, दुकानातील खत, आणि त्यावर आपण आता शेतातील खताची भर घालणार. धागाकर्त्यांनी इतक्या गोष्टी एकदम बदलल्या आहेत की उद्या झाडे सुधारली तरी कशाने सुधारली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गप्पींना रोज खाऊ मिळतो, त्यांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळतच असते. माझ्या टाकीत गेली सहा वर्षे एक थेंब खत गेलेले नाही.

दिवा सात तासांवर आणावा, त्याला साधा टायमर लावावा आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. बाकी सर्व बाटल्या कपाटात ठेवाव्यात. व्हॅलिस्नेरियाविषयी तर माझी खात्रीच आहे. ती जड पाण्याची वनस्पती आहे. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर ती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. म्हणून बोअरच्या पाण्यात ती जानेवारीपर्यंत सुखात होती. मग तिला काय झाले? लिक्विड कार्बन म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असते, म्हणजे रुग्णालयात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तेच. व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही आणि तुम्ही ते दुप्पट घातले आहे. बाटली कधी सुरू केली?

काचेमागे (पुणे)
५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

जानेवारीच्या मध्यावर. म्हणजे बरोबर पंधरा-वीस दिवस झाले. आता माझ्या लक्षात आले.

लिंबू पिळून पाहिले. खडा चक्क फसफसला. मुलीने दुसरे लिंबू मागितले आहे.

बांधावरून (तासगाव)
५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

@डोहाकाठी, दिवा, टायमर आणि बाटली यांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु माशांच्या विष्ठेतून नत्र-स्फुरद मिळते म्हणून पालाश आणि लोहही मिळेलच, असे नाही. तुमच्या टाकीत कोणती झाडे आहेत?

डोहाकाठी (डोंबिवली)
५ फेब्रुवारी, रात्री १०:२५

हायड्रिला आणि जावा मॉस.

बांधावरून (तासगाव)
५ फेब्रुवारी, रात्री १०:२७

मग बरोबर आहे. हायड्रिला गटारातही वाढते. गवताच्या अनुभवावरून द्राक्षबागेला सल्ला देऊ नये.

जांभा (रत्नागिरी)
६ फेब्रुवारी, सकाळी ८:००

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. स्वोर्ड आपले अन्न मुख्यतः मुळांतून घेते. संगमरवराच्या खडीत मुळांना खायला काहीच नाही, त्यामुळे पाण्यात काय घालावे हा वाद तिच्यापुरता दुय्यम ठरतो. साधे ईडीटीए लोह (ईडीटीए या रसायनाने विरघळलेले धरून ठेवलेले लोह) अशा अल्कधर्मी पाण्यात फार काळ टिकत नाही. ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनाने धरलेले टिकते, पण त्याने पाणी लालसर दिसते. त्यापेक्षा लोह मुळाशीच द्यावे.

आमच्याकडे अंगणभर जांभ्या दगडाची लाल माती आहे. ती लोहाच्या ऑक्साइडमुळेच लाल असते. ती चाळून, मळून, सुपारीएवढ्या गोळ्या करून मी कडक उन्हात वाळवतो आणि स्वोर्डच्या मुळांशी खडीत खोल दाबतो. खाली प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तेथे लोह विरघळू शकेल अशा रूपात येते आणि मुळे ते उचलतात. गोळी हळूच दाबावी, नाहीतर सगळी टाकी पन्ह्यासारखी दिसू लागते. (मी पहिल्यांदा केले तेव्हा दोन दिवस मासे दिसत नव्हते.) माती नको असेल तर मुळाशी ठेवायच्या तयार गोळ्याही मिळतात.

रातकिडा (नाशिक)
६ फेब्रुवारी, रात्री ११:५५

टाकीत सकर आहे का?

काचेमागे (पुणे)
७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

आहे. साधारण चार इंचांचा आहे. काच स्वच्छ राहील म्हणून दुकानदाराने तो पहिल्याच दिवशी दिला होता. त्याची गणना मी माशांत न करता सफाई कर्मचाऱ्यांत केल्यामुळे यादीत लिहायचे राहिले. त्याचा येथे काय संबंध?

रातकिडा (नाशिक)
७ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

दिवा बंद केल्यानंतर तासाभराने मोबाइलचा उजेड एका कोपऱ्यातून तिरका टाकून पाहा.

पाणकणीस (कोल्हापूर)
७ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

रातकिडा यांचा प्रश्न मलाच आधी सुचायला हवा होता. पालाशच्या कमतरतेत जुन्या पानांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात, त्यांच्या कडा पिवळसर किंवा काळपट होतात आणि मग ती भोके रुंदावतात. नव्या पानांना बराच काळ काही होत नाही. सकर तोंडाने पान खरवडतो, तेव्हा वरचा हिरवा थर निघतो आणि खाली जाळीदार, पारदर्शक पापुद्रा उरतो. शिरा शाबूत राहतात, कडा पिवळ्या पडत नाहीत, आणि रुंद पान दिसले की ते जुने आहे की नवे हे तो पाहत नाही. अमेझॉन स्वोर्डची रुंद पाने त्याच्या विशेष आवडीची असतात. एक भोकाचे पान उजेडापुढे धरून आम्हाला सांगाल का?

काचेमागे (पुणे)
८ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

काल रात्री साडेअकराला मी आणि मुलगी अंधारात टाकीसमोर बसलो होतो. पावणेबाराच्या सुमारास सकर मोठ्या पानावर आडवा चिकटला आणि त्याचे तोंड शिवणयंत्राच्या सुईसारखे चालू झाले. तो सरकला तेव्हा मागे नखाएवढी पारदर्शक खिडकी राहिली होती. पान उजेडापुढे धरले तर ताईंनी लिहिल्याप्रमाणे जाळी स्पष्ट दिसते, आणि ती तिसऱ्या क्रमांकाच्या, अगदी ताज्या पानावरही आहे.

मुलीचे म्हणणे आहे की त्याला भूक लागते, त्यात त्याचा काय दोष. आता त्याचे काय करावे?

खडीसाखर (ठाणे)
८ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

नदीत सोडून द्या. खडकवासल्याला सहलही होईल.

पाणकणीस (कोल्हापूर)
८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

@खडीसाखर, विनोदानेही असे लिहू नये, कारण वाचणारे ते करतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. असेच कोणीतरी सोडल्यामुळे तो आता भारतातील अनेक नद्या-तलावांत वाढला आहे आणि तेथील मासेमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी, चिलखती अंगाने जाळी फाटतात आणि तो कोणी विकतही घेत नाही. धागाकर्त्यांनी तो दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यावा. तसाही तो दीड फुटापर्यंत वाढू शकतो, म्हणजे दोन फुटांच्या टाकीत त्याला वळणेही जमणार नाही.

खडीसाखर (ठाणे)
८ फेब्रुवारी, सकाळी ९:००

चूक मान्य आहे. वरील ओळ मागे घेतो.

डोहाकाठी (डोंबिवली)
८ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

पालाशच्या पिशवीची मागणी नोंदवली गेली असल्यास तीही मागे घ्यावी, असे सुचवतो.

बांधावरून (तासगाव)
८ फेब्रुवारी, सकाळी ९:३५

भोकांबाबत मी चुकलो, हे मान्य करतो. मी छायाचित्र न पाहता निदान केले. लोहाचे निदान मात्र अजून उभे आहे.

काचेमागे (पुणे)
१४ मार्च, रात्री ९:१५

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. डोहाकाठी यांच्या सूचनेनुसार एका वेळी एकच बदल केला, म्हणून उशीर झाला.

पहिल्या आठवड्यात लिक्विड कार्बन बंद केले आणि दिवा दुपारी तीन ते रात्री दहा असा टायमरवर टाकला. व्हॅलिस्नेरियाची वरची पाने गेली, परंतु मुळाशी असलेली जिवंत राहिली आणि गेल्या आठवड्यात त्यातील एकीने खडीवरून आडवा धुमारा सोडून पलीकडे चार पानांचे नवे रोप उभे केले. सकर दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीच्या घरी, पाच फुटांच्या टाकीत गेला. तेव्हापासून एकही नवी खिडकी पडलेली नाही. जुन्या खिडक्या अर्थातच भरून येत नाहीत, ती पाने कापली.

जांभा यांनी पाठवलेल्या लाल मातीच्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यात स्वोर्डच्या मुळांशी दाबल्या. (पन्हे झालेच, पण एका दिवसात खाली बसले.) त्यानंतर आलेली दोन पाने पूर्ण हिरवी आहेत. त्याआधीचे पिवळे पान तसेच पिवळे राहिले आहे.

अनुबियासचे खोड कापता कापता शेवटी करंगळीच्या दोन पेरांएवढे उरले होते. ते दगडाला बांधले आहे आणि त्याला एक गुंडाळलेले पान दिसते आहे. क्रिप्टोकोरीनच्या तीन जागांपैकी दोन ठिकाणी नवी पाने आली. ती पूर्वीपेक्षा अरुंद आणि तपकिरी आहेत, त्यामुळे प्रथम मला ती कचराच वाटली. तिसऱ्या जागी धीर न धरता मी बोटाने उकरून पाहिले होते, तेथे काही आले नाही. जांभळे झाड कुंडीत लावले, ते गॅलरीत माजले आहे.

संगमरवर अजून तसाच आहे, मे महिन्याच्या सुट्टीत बदलेन. सध्या एकच तक्रार उरली आहे. काचेवर आणि अनुबियासच्या पानावर हिरवे, घट्ट, गोल ठिपके आले आहेत. ते स्पंजाने निघत नाहीत. सकरला परत बोलवावे का, असा प्रश्न घरातून आला आहे.

डोहाकाठी (डोंबिवली)
१४ मार्च, रात्री ९:४०

अजिबात नको. तो त्या कडक ठिपक्यांच्या वाटेला फारसा जात नाही. काचेवर जुने ब्लेड तिरके धरून खरवडा आणि पाण्याचा बदल चालू ठेवा. पानावरचे ठिपके राहू द्या, ती पाने हळू वाढतात म्हणूनच त्यांच्यावर ते बसतात.

बांधावरून (तासगाव)
१४ मार्च, रात्री १०:००

असे ठिपके बऱ्याचदा स्फुरद कमी पडल्यावर येतात. ००:५२:३४ अगदी चिमूटभर... बरे, मी थांबतो. प्रथम छायाचित्र टाका. आणि त्या ००:००:५० च्या पिशवीचे शेवटी काय केलेत? घेतली असेलच, असा माझा कयास आहे.

काचेमागे (पुणे)
१४ मार्च, रात्री १०:१०

घेतली होती. टाकीत गेली नाही, गॅलरीतील कढीपत्त्याला घातली. दोन मोठे चमचे.

बांधावरून (तासगाव)
१४ मार्च, रात्री १०:१२

उद्या सकाळी उठल्याबरोबर त्या कुंडीत दोन बादल्या पाणी ओता.